भार पडतांच थांबणारें यंत्र

घरोघरीं हल्लीं एक तक्रार ऐकूं येते. मुलासाठीं म्हणून मोठ्या हौसेनें आणि त्याहून मोठ्या खर्चानें खेळाचा संगणक घेतलेला असतो. त्यावर पत्रें लिहिलीं, हिशेब केले, चित्रपट पाहिला, तर तो दिवसभर विनातक्रार चालतो. परंतु ज्याकरितां तो घेतला तो भारी चित्रांचा खेळ सुरू केला, कीं दहा-वीस मिनिटांत पडद्यावरील चित्र जागच्या जागीं थिजतें, आवाजाचा एकच तुकडा पुन्हां पुन्हां घुमत राहतो, आणि कोणतीहि कळ दाबली तरी उत्तर मिळत नाहीं. शेवटीं बटण दाबून यंत्र बंद करावें लागतें. पुन्हां सुरू केलें कीं जणूं कांहीं घडलेंच नव्हतें! बोलण्यांत याला संगणक ‘हँग होणें’ असें म्हणतात.

अशा वेळीं घरांत तीन मतें निघतात. वडील म्हणतात, ‘खेळच वाईट, तो सोड.’ दुकानदार म्हणतो, ‘ग्राफिक्स कार्ड गेलें, नवें घाला.’ आणि मुलगा मित्रांच्या सांगण्यावरून एका दुपारींत दहा गोष्टी बदलून टाकतो. त्यामुळें यंत्र सुधारलें तरी कशानें सुधारलें हें कळत नाहीं, आणि अधिक बिघडलें तर कशानें बिघडलें हेंहि कळत नाहीं. या तिन्ही मतांत एक गोष्ट सारखीच उणी आहे. दोष कोठें आहे याचा पुरावा कुणाजवळच नसतो. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला आज कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. मध्यम स्थितीच्या कुटुंबानें अनेक महिने बाजूस टाकलेली रक्कम केवळ तर्कावर खर्च व्हावी, आणि नवें कार्ड बसविल्यावरहि यंत्र पुन्हां तसेंच थिजावें, याहून वाईट तें काय?

भाराखालीं थांबणारें यंत्र ही आजची नवलाई नव्हे. गणकयंत्र जन्मास आलें तेव्हांपासून हें दुखणें त्याच्या पाठीस लागलेलें आहे, आणि तें शोधण्याची रीतहि जवळजवळ तितकीच जुनी आहे. त्या रीतीचा इतिहास आज थोडक्यांत सांगावा असा माझा विचार आहे.

प्रथम एक घरचा दाखला घेऊं. मी राहतों तें अकोले म्हणजे विदर्भांतील अकोला नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, प्रवरेच्या कांठचें अकोले. आमच्या तालुक्यांत भंडारदरा येथें प्रवरेवर १९१० सालीं धरणाचें काम सुरू झालें, आणि १९२६ च्या डिसेंबरांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सुमारें २७० फूट उंचीची ती दगडी भिंत चाळीसांवर पावसाळे उभी राहिली. पुढें १९६९ सालीं, जलाशय भरलेला असतां, तिला तडे गेल्याचें व गळती वाढल्याचें दिसून आलें, आणि मग खालच्या अंगानें भक्कम टेकू बांधून ती बळकट करावी लागली. उन्हाळ्यांतील अर्ध्या जलाशयाकडे पाहून या दुखण्याचा कुणाला पत्ता लागला असता काय? जो दोष भाराखालीं प्रकट होतो, तो भार असतांनाच शोधावा लागतो. पत्रलेखनाला तक्रार न करणारा आणि खेळाला थांबणारा संगणक नेमकी हीच गोष्ट सांगत असतो.

आतां गणकयंत्रांकडे वळूं. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत तयार झालेलें ‘एनिॲक’ हें यंत्र १९४६ च्या फेब्रुवारींत लोकांसमोर आलें. त्याच्या पोटांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांनीं जुन्या रेडिओंतील व्हाल्व पाहिले असतील. रेडिओंत ते पांच-सहा असत, आणि त्यांतील एखादा गेला कीं रेडिओ मुका होई. येथें १८,००० पैकीं एक नळी जरी गेली तरी उत्तर चुकण्याचा धोका! शिवाय या यंत्राला सुमारें १५० किलोवॅट वीज लागे, आणि ती बहुतेक सारी अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडे. असलें यंत्र मिनिटभरहि धड चालणार नाहीं, अशी शंका त्या काळीं अनेक जाणत्यांनीं घेतली होती.

तरीहि तें चाललें, आणि त्याचें श्रेय बऱ्याच अंशीं त्याचे मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांच्या सावधपणाला आहे. प्रत्येक नळी जेवढा भार सोसूं शकते त्याहून पुष्कळच कमी भार तिच्यावर टाकावा, असा त्यांनीं नेम केला. बैलगाडींत दहा पोतीं मावत असलीं तरी सहाच भरावींत, म्हणजे घाटांत आंख मोडत नाहीं, असाच हा विचार. दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली ती अशी, कीं नळ्या बहुधा यंत्र सुरू करतांना किंवा बंद करतांना जातात. थंडाचें गरम आणि गरमाचें थंड होणें हेंच त्यांना जाचतें. म्हणून तें यंत्र होतां होईल तों बंदच करीत नसत. पुढें पुढें नळी निकामी होण्याचें प्रमाण सरासरीनें दोन दिवसांत एक इतकें खालीं आलें.

एनिॲकच्या मंडळींनीं दोष टाळण्याचा मार्ग दाखविला. दोष शोधून काढण्याचा मार्ग दाखविला तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील ‘व्हर्लविंड’ यंत्रानें. जे फॉरेस्टर यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालेलें हें यंत्र १९५१ सालीं कामास लागलें. तें घडत असलेल्या घटनेबरोबर पावलें टाकीत गणित करणारें होतें. मध्येंच थांबणें त्याला परवडणारें नव्हतें. म्हणून त्याच्या कर्त्यांनीं एक युक्ति योजली. विजेचा दाब एकेका भागापुरता मुद्दाम कमी-जास्त करावयाचा, आणि त्या स्थितींत यंत्राला ठराविक परीक्षेचें गणित घालावयाचें. जो भाग अशा ताणाखालीं चुके तो आज ना उद्यां बिघडणार हें उघड होई, आणि ऐन कामाच्या वेळीं दगा देण्यापूर्वींच तो बदलला जाई. या पद्धतीला ‘मार्जिनल चेकिंग’ म्हणत. आपण तिला सीमेवरची परीक्षा म्हणूं. यंत्र थांबण्याची वाट न पाहतां त्याला आपण होऊन थांबावयास लावावें, एका वेळीं एकाच भागावर ताण द्यावा, आणि काय घडलें तें लिहून ठेवावें: दोष शोधण्याची सारी विद्या या तीन सूत्रांत सांठविलेली आहे.

लिहून ठेवण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. १९४७ च्या सप्टेंबरांत हार्वर्डच्या ‘मार्क २’ या यंत्राच्या एका रिलेंत खरोखरीचा पतंग अडकलेला सांपडला, आणि तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून खालीं नोंद केली. ती वही अमेरिकेंतील राष्ट्रीय संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात. परंतु यंत्र कोणत्या वेळीं थांबलें व कोठें काय आढळलें याची रोजच्या रोज नोंद ठेवण्याची शिस्त त्यांच्यापाशीं होती, हें त्यांतील खरें मोल.

आपल्याकडेहि हें शिक्षण फार उशिरां आलें असें नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय तंत्रज्ञांनीं स्वतः एक गणकयंत्र जुळविलें. त्याचा प्राथमिक नमुना १९५६ सालीं चालूं लागला, पूर्ण यंत्र १९६० सालीं सुरू झालें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. इतकेंच नव्हे, तर आंकडे आणि आलेख पडद्यावर उमटविणारी एक व्यवस्थाहि त्याला जोडलेली होती. आजच्या मुलांच्या खेळांतील रंगीत सृष्टीचा दूरचा पूर्वज मुंबईंत साठ वर्षांपूर्वींच उजेडांत आला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं. तयार यंत्र विकत घेणाऱ्याला दोष आला कीं विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. सांधा न् सांधा स्वतः जुळविणाऱ्याला तो स्वतःच शोधावा लागतो, आणि त्यांतूनच माणसें तयार होतात.

यापुढचा टप्पा पुण्याचा. अतिवेगवान अमेरिकन गणकयंत्र हवें तसें मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हें यंत्र सिद्ध केलें. एकाच महाबलाढ्य गणकावर सारा भार न टाकतां अनेक लहान गणकांनीं कामाचे वांटे करून तें एकाच वेळीं उरकावें, हें त्याचें तत्त्व. लग्नाच्या पंक्तींत एकच वाढपी सारें वाढूं लागला तर जेवणारे ताटकळतील. दहा वाढपी असले तर पंक्त झटपट उठते.

आजच्या ग्राफिक्स कार्डांत हेंच तत्त्व शिगेस पोंचलेलें आहे. साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदु असतात. खेळांतील चित्र सेकंदाला ६० वेळां बदलावयाचें, म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावयाचा. आणि एकेका बिंदूसाठीं छाया, प्रकाश, अंतर यांचें गणित निराळेंच. हें काम हजारों लहान गणकांकडून एकदम करवून घेणारी चकती म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. एनव्हिडिया कंपनीनें १९९९ सालीं ‘जीफोर्स २५६’ बाजारांत आणतांना ‘जीपीयू’ हें नांव रूढ केलें. संगणकाच्या मुख्य फलकावरील ज्या खोबणींत हें कार्ड बसतें, ती खोबण त्याला फार तर ७५ वॅट वीज देऊं शकते. ती पुरेनाशी झाली, म्हणून पॉवर सप्लायपासून निराळ्या तारा जोडाव्या लागल्या. आणि २०२२ सालच्या एका मोठ्या कार्डाची भूक ४५० वॅटपर्यंत गेली. छतावरील जुन्या पद्धतीच्या सहा पंख्यांना लागणारी ही वीज एका वहीएवढ्या वस्तूंत शिरते आणि जवळजवळ सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. पत्र लिहितांना हेंच कार्ड झोंपलेलें असतें. भार केवढा आणि किती एकाएकीं येतो हें यावरून ध्यानांत येईल.

तेव्हां यंत्र थांबण्याचीं मुख्य कारणें चार: उष्णता, वीज, स्मृति आणि आज्ञावली.

उष्णतेचा एक बोलका प्रयोग २००१ सालीं ‘टॉम्स हार्डवेअर’ या परीक्षकमंडळींनीं करून दाखविला. खेळ चालू असतां त्यांनीं निरनिराळ्या प्रोसेसरांवरील थंड करणारा पंखा त्याच्या धातूच्या ठोकळ्यासकट उचलून घेतला. पेंटियम ४ नें आपली गति आवरली आणि तो कसाबसा चालत राहिला. पेंटियम ३ जागच्या जागीं थिजला. ॲथलॉन मात्र जळून गेला. म्हणजे थिजणें हा नेहमीं मृत्यूच असतो असें नाहीं. कित्येकदां तो जीव वांचविण्याचा उपाय असतो. याच्या उलट बाजूचा दाखला ‘एक्सबॉक्स ३६०’ या खेळयंत्राचा. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनीं त्याचे आंतील सूक्ष्म सांधे तुटूं लागले, आणि २००७ सालीं मायक्रोसॉफ्टला हमीची मुदत तीन वर्षांची करून त्यापोटीं एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूस काढावी लागली. एनिॲकच्या नळ्यांना जें जाचलें, तेंच साठ वर्षांनंतर यालाहि जाचलें.

विजेचें कारण अधिक फसवें आहे. कार्डाची सरासरी भूक ३०० वॅट असली, तरी क्षणाच्या अल्पांशापुरती ती दुपटीजवळ उसळी घेऊं शकते. ही उसळी सोसण्याचा दंडक २०२२ च्या ‘एटीएक्स ३.०’ या नियमावलींत घालण्यांत आला. त्याआधींचे किंवा हलके पॉवर सप्लाय अशा वेळीं मान टाकतात. त्यांतून आमच्यासारख्या ठिकाणीं संध्याकाळीं विजेचा दाब खालीं येतो, एकाच लांब वायरीच्या बोर्डावर चार उपकरणें लटकलेलीं असतात, किंवा लहान यूपीएसवर त्याच्या शक्तीबाहेरचा भार टाकलेला असतो. मग दोष भिंतींत, आणि शिक्षा कार्डाला!

स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, दोष असा कीं भारी खेळ तिचे एरवीं न वापरले जाणारे कोपरेहि वापरूं लागतो, आणि तेथील एखादें बिघडलेलें घर तेव्हांच उघडें पडतें. आज्ञावलीचा दोष बहुधा ड्रायव्हर नांवाच्या दुभाष्यांत असतो. विंडोजनें व्हिस्टाच्या आवृत्तीपासून एक नियम घातला आहे: ग्राफिक्स कार्डानें सुमारें दोन सेकंदांत उत्तर दिलें नाहीं, तर त्याला पुन्हां जागें करावयाचें. पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत् होतो तो याच कारणानें.

आतां घरीं काय करावें? प्रथम वही घ्या. यंत्र किती मिनिटांनीं थांबलें, कोणत्या खेळांत, खेळ तेवढा बंद पडला कीं चित्र थिजलें कीं वीज गेल्याप्रमाणें यंत्रच विझलें, हें लिहा. एकाएकीं विझणें बहुधा विजेकडे बोट दाखवितें. हळू हळू गति मंदावून मग थांबणें उष्णतेकडे. एकाच खेळांत थांबणें आज्ञावलीकडे. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहींत ४१ क्रमांकाची नोंद दिसली तर घाबरूं नये; यंत्र नीट बंद झालें नाहीं एवढाच तिचा अर्थ, कारण तिच्यांत नसतें. ४१०१ ही नोंद मात्र ड्रायव्हरनें उत्तर देण्याचें थांबविलें होतें असें सांगते.

नंतर पेटी उघडा. यंत्राची वीज पूर्ण काढून, पंख्यांचीं पातीं बोटानें धरून, धूळ उडवून टाका. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधींहि उघडूं नका. वीज काढल्यावरहि तिच्यांत धोकादायक भार शिल्लक राहतो. सर्व जोडण्या घट्ट आहेत काय तें पाहा, आणि यंत्र कपाटाच्या कप्प्यांत कोंडलेलें असेल तर मोकळ्या हवेंत ठेवा. प्रोसेसर किंवा कार्ड वेगवाढीवर, म्हणजे ओव्हरक्लॉकवर, ठेवलेलें असेल तर तें मूळच्या गतीवर आणा. मग यंत्र सुरू करून तापमान दाखविणारी आज्ञावली लावा, आणि खेळ चालू असतां आंकडे पाहा. अनेक कार्डें ८०-८५ अंशांच्या आसपास आपली गति आवरूं लागतात. तापमान चढत जाऊन ठराविक आंकड्यावर यंत्र थांबत असेल तर चोर सांपडला. धातूच्या ठोकळ्याखालील वाळलेली थर्मल पेस्ट जाणत्याकडून बदलून घ्यावी.

तापमान बरें असूनहि यंत्र थांबत असेल तर व्हर्लविंडची रीत वापरा. केवळ ग्राफिक्स कार्डावर ताण देणारी परीक्षा एकदां, केवळ प्रोसेसरावर ताण देणारी दुसऱ्यांदां, आणि केवळ रॅमची परीक्षा रात्रभर. तीन निराळ्या परीक्षा, तीन निराळ्या नोंदी. त्यानंतर एकर्ट यांची रीत: कार्डाची विजेची मर्यादा आज्ञावलीनें ८० टक्क्यांवर आणा, किंवा चित्रांचा वेग सेकंदाला ६० वर बांधून टाका. एवढ्यानेंच यंत्र तासन् तास चाललें, तर दोष भाराशीं निगडित आहे हें निश्चित झालें. आणि तापमान बरें असल्यानें संशयाची सुई पॉवर सप्लायकडे वळते. अशा वेळीं ओळखीच्या घरून अधिक शक्तीचा पॉवर सप्लाय एका संध्याकाळीपुरता मागून आणावा आणि त्याच्याच तारांसह जोडून पाहावा. आपल्या जुन्या पॉवर सप्लायच्या तारा त्याला लावूं नयेत. जोड सारखे दिसले तरी आंतील जुळणी निराळी असूं शकते. भार कमी करूनहि यंत्र थांबतच असेल, तर जुना ड्रायव्हर समूळ काढून नवा बसवावा. आणि एवढ्या सर्व परीक्षांतून कार्डच दोषी ठरलें, तर मग तें खुशाल बदलावें. पण हमीची मुदत उरली आहे काय हें आधीं पाहून, आणि नोंदवही दुकानदारापुढें ठेवून.

या साऱ्या खटाटोपांत एक नियम मोडूं नये: एका वेळीं एकच बदल. दोन बदल एकदम केले कीं पुरावा नष्ट होतो. शाळेंत गणित चुकलेल्या मुलाला आपण सारें पुसून नव्यानें मांडावयास सांगत नाहीं. कोणत्या पायरीवर चुकलास तें शोध, असें सांगतों. यंत्राच्या बाबतींत हाच न्याय लावला, तर बहुधा मोठ्या खरेदीऐवजीं झाडण्याच्या कुंचल्यावर, एका नव्या तारेवर किंवा पॉवर सप्लायवर काम भागतें.

घरच्या वडील माणसांना शेवटीं एवढेंच सुचवितों. मुलाचा संगणक थांबला म्हणजे त्याला रागें भरण्यापूर्वीं त्याच्या हातीं एक कोरी वही द्या, आणि आठ दिवसांनीं ती वाचावयास मागा. त्या आठ दिवसांत तो जें शिकेल तें फिलाडेल्फिया, मुंबई आणि पुणे येथील मंडळींनीं वर्षानुवर्षें खपून मिळविलेलें ज्ञान असेल. कार्डाचे पैसे वांचले तर तो वर लाभ.